'स्मृतिचित्रे' आणि त्यागाचा हिशेब

मराठी वाङ्मयात त्यागाचे गोडवे पुष्कळ गाइले गेले आहेत. त्यागाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवला आहे. घर सोडून गेलेल्या पुरुषाचे चरित्र लिहावयास शिष्य पुढे येतात, भक्त पुढे येतात, आणि शेदोनशे वर्षांनी संशोधकही पुढे येतात. मागे राहिलेल्या घराचे चरित्र लिहावयास कोणी येत नाही. आम्ही राहतो त्या महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या पायथ्याशी, शिवथरची घळ आहे. समर्थांनी दासबोधाची रचना येथे बसून केली अशी परंपरा आहे, आणि धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली हे स्थान शोधून काढल्यापासून भाविकांची तेथे रीघ लागलेली असते. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर कोसळणारा धबधबा पाहिला म्हणजे एकांताची ही निवड किती योग्य होती हे कोणासही पटेल. परंतु 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायणाची कथा सांगताना, त्या बोहल्यावर उभी राहिलेली जी मुलगी होती तिचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे कीर्तनकारास स्मरत नाही, आणि श्रोत्यांसही सुचत नाही. समर्थांचे थोरपण यामुळे तिळभरही उणे होत नाही. उणे आहे ते आपल्या वाङ्मयात. त्यागाच्या वहीत जमेची बाजू तेवढी आपण लिहिली. खर्चाची बाजू कोरीच ठेवली.

ही कोरी बाजू ज्या एका पुस्तकाने भरून काढली ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' होय. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी वाचकांस अपरिचित आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यातील उतारे पाठ्यपुस्तकांतून मुलांनी वाचले, सुशिक्षित घरांतील कपाटांत त्याच्या आवृत्त्या आल्या, इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली. तरीही आमची अशी तक्रार आहे की, ज्या पुस्तकावर आपण इतके प्रेम केले त्याचे मर्म आपण बरेचसे बाजूस सारले. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा उतावळा स्वभाव, लक्ष्मीबाईंचा ठसका, या दोघांची भांडणे आणि दिलजमाई, एवढे वाचून आपण पोटभर हसतो आणि पुस्तक मिटतो. एका विनोदी संसाराचे प्रसन्न चित्र, असा शिक्का त्यावर बसला आहे. हा शिक्का खोटा नाही, पण फार अपुरा आहे. आमच्या मते 'स्मृतिचित्रे' हे ख्रिस्ती भक्तीसाठी सुखाचा त्याग करणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक परीक्षण आहे; आणि ते तसे होऊ शकले याचे कारण, ते त्याग करणाऱ्याने लिहिलेले नसून त्या त्यागाची किंमत घरात बसून ज्या व्यक्तीने मोजली तिने लिहिलेले आहे.

हे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी टिळकांनी काय सोडले आणि किती वेळा सोडले, हे प्रथम पाहिले पाहिजे. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली दापोलीच्या बाजूस करजगाव येथे झाला. म्हणजे ते आमच्या कोकणचेच. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाची गाठ पडली, त्याने बायबलची प्रत दिली, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या पहिल्या त्यागात जात गेली, आप्त गेले, आणि चार-पाच वर्षे बायको व मुलगाही गेले. त्या काळच्या ब्राह्मण घरात धर्मांतर म्हणजे जिवंतपणी मरणच होते. लोक टिळकांचे चरित्र सांगतात ते बहुधा या एका घटनेपाशी थांबतात. जणू काय बाप्तिस्म्याबरोबर त्यागाचा अध्याय संपला आणि सेवेचा सुरू झाला.

वस्तुतः टिळकांचा दुसरा त्याग पहिल्याहून अधिक विचार करण्याजोगा आहे. तो समजावा म्हणून थोडे मागे जाऊ. महाड ज्या सावित्री नदीवर वसले आहे तिच्या मुखाशी बाणकोट आहे. स्कॉटलंडातील मिशनऱ्यांनी या किनाऱ्यावरचे आपले पहिले ठाणे १८२३ साली तेथे घातले. त्यांच्यातील अग्रेसर डोनाल्ड मिचेल हा पूर्वी कंपनीच्या फौजेत अधिकारी होता. ती मानाची चाकरी टाकून तो धर्मोपदेशक झाला, आणि आल्या वर्षीच मरण पावला. त्याआधी दहा वर्षे, १८१३ साली, अमेरिकन मिशनचे लोक मुंबईस उतरले होते. त्यांच्यापैकीही अनेकांनी या भूमीत अल्पवयात देह ठेवले. त्यांच्या मतांविषयी कोणास काहीही वाटो, या पहिल्या पिढीने सुख सोडले होते हे नाकारता येत नाही. परंतु शंभर वर्षांत मिशन ही एक संस्था झाली. तिला बंगले आले, कचेऱ्या आल्या, पगाराच्या श्रेणी आल्या. एतद्देशीय ख्रिस्ती माणसास धर्म म्हणजे मिशनची नोकरी, आणि पाद्री म्हणजे दरमहा पगार घेणारा गृहस्थ, अशी सवय लागली. ज्या मार्गावर पहिल्यांनी काटे तुडवले, त्याच मार्गावर पुढच्यांनी सतरंजी अंथरली. यात कोणाचे पाप होते असे नव्हे. प्रत्येक धर्माच्या संस्थेचे हेच होते, आपल्या मठांचे आणि देवस्थानांचेही काही निराळे झाले नाही.

टिळकांच्या ध्यानात हे आले. ज्या गोष्टीसाठी आपण एकदा सर्व सोडले तीच आता आपली गादी होऊन बसली आहे, हे ध्यानात येणे फार थोड्यांच्या नशिबी असते. आणि ध्यानात आल्यावर उठून उभे राहणारे त्याहून थोडे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, वेतन सोडले, संन्यास स्वीकारला, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या नावाने एक मंडळ मांडले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे भक्त त्यात एकत्र यावे, परकी पैसा व परकी रीत यांचे ओझे त्यांच्यावर नसावे, आणि भजन, कीर्तन, अभंग या आपल्या वाटेनेच ती भक्ती चालावी, असा तो संकल्प होता. पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी, वाई या वाटेने साताऱ्यास जाता येते. कोकणातून देशावर नेणारी ही वाट आम्हां लोकांच्या नित्य परिचयाची आहे. म्हणूनच की काय, साताऱ्यातील तो दरबार आम्हांस कधी दूरचा वाटला नाही. तो फार काळ टिकला मात्र नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले, आणि कर्त्यापाठोपाठ कार्यही ओसरले.

एवढी हकीकत चरित्रकार सांगेल, आणि ती उदात्त आहे. आता हीच हकीकत लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात कशी येते ते पाहावे. तेथे संन्यास हा शब्द येतो तो आपल्याबरोबर प्रश्न घेऊनच येतो. संन्याशाची बायको कोठे राहावयाची? त्याच्या घरी जी पोरकी मुले वाढत आहेत त्यांचे दूध कोण आणणार? वेतन सोडले हे खरे, पण दारी येणारे पाहुणे सोडले नाहीत. त्यांच्या पानात काय वाढावयाचे? हे प्रश्न बाई तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडीत नाहीत. त्यांना ते तसे मांडताही आले नसते, आणि त्यांची ती इच्छाही नव्हती. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. नवऱ्याने हौसेने शिकवले तेवढेच लिहिणे-वाचणे. त्या प्रश्न मांडतात ते भांडी, धान्य, पैसे, अंथरुणे, आजारपणे यांच्या भाषेत. घरात काय होते, टिळक बाहेर गेले तेव्हा काय गेले, परत आले तेव्हा काय आले नाही, एवढे त्या सांगतात आणि पुढच्या गोष्टीकडे वळतात. टीका करण्यासाठी त्या थांबत नाहीत. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की एका कवीच्या औदार्याचे मोजमाप येथे स्वयंपाकघरातील मापट्याने चालले आहे.

या विनोदाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. आपल्या टीकाकारांनी तो 'निर्मळ', 'खेळकर' अशा विशेषणांनी गौरविला आहे. ही विशेषणे योग्य असली तरी त्यांनी एक गोष्ट झाकली जाते. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांचा न्याय करण्याचा प्रकार आहे. ज्या ठिकाणी दुसरी बाई रडली असती किंवा ज्या ठिकाणी साध्वीचे सोंग घेऊन नवऱ्याचे पाय धरले असते, त्या ठिकाणी या हसतात. रडण्याने टिळक अपराधी ठरले असते; पाय धरण्याने ते देव ठरले असते. हसण्याने ते माणूस राहतात, आणि बाईही माणूस राहते. इतका समतोल निवाडा गंभीर भाषेत क्वचितच साधतो. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी आम्हांस प्रिय आहेत. पण त्यांत पत्नी सदैव एक पायरी खाली बसून वर पाहते. आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' १९४४ सालचे. अण्णांनी संस्थेला सर्वस्व दिले तेव्हा घरास काय उरले, हे त्यांनी रोखठोक लिहिले आहे, आणि 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवण्यास तेच पुस्तक अधिक योग्य. तथापि आनंदीबाईंच्या रोखठोकपणात जो किंचित कडवटपणा आहे तो लक्ष्मीबाईंत नाही. त्यांनी हिशेब तितकाच चोख ठेवला, पण वसुलीचा तगादा लावला नाही.

आमच्या वर्गात महाड व पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील डोंगरखोऱ्यांतून मुले-मुली येतात. या बाजूच्या गावांचा संसार कित्येक पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालला. पुरुष गिरणीत किंवा गोदीत, बायको गावी भाताच्या खाचरात, आणि मधे पोस्टमन. असा तो संसार. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्याची घडी मोडली, तरी मुंबईला गेलेला घरधनी आणि गावी राहिलेली घरधनीण ही जोडी अजून मोडलेली नाही. या घरांतील मुलींस 'स्मृतिचित्रे'तील टिळकांच्या दातृत्वाचे प्रसंग वाचून दाखविले तर त्या शहरी मुलींइतक्या हसत नाहीत, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहो. त्या प्रथम विचारतात, 'मग त्या दिवशी घरात काय शिजले?' हा प्रश्न आम्हांस पुष्कळ टीकालेखांहून मोलाचा वाटतो. पुस्तकाच्या मर्मावर त्यांनी नेमके बोट ठेवलेले असते.

येथे कोणी म्हणेल की, मग या पुस्तकाचे तात्पर्य एवढेच की टिळक बेजबाबदार गृहस्थ होते, आणि देवाच्या नावाखाली त्यांनी बायकोस राबविले. अलीकडे असे वाचन करण्याकडे कल वाढला आहे. नवऱ्याच्या थोरपणाखाली दडपल्या गेलेल्या स्त्रीचा आक्रोश म्हणून हे पुस्तक वाचावे, असा आग्रह काही विद्वान धरतात. त्यांच्या आस्थेविषयी आम्हांस आदर आहे, परंतु हे वाचन पुस्तकास मानवत नाही. कारण लक्ष्मीबाईंनी खर्चाची बाजू भरताना जमेची बाजू पुसलेली नाही. टिळकांनी जे दिले ते कोणास पोचले, हेही त्या तितक्याच तपशिलाने सांगतात. दुष्काळात वाचलेली मुले आहेत, ज्यांना दुसरे दार नव्हते असे लोक आहेत, बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवी आहे, ज्याला त्या घरात आईबापांची माया मिळाली. त्या घरातून गेलेला पैसा हवेत गेला नाही. तो कोणाच्या तरी पोटात गेला. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, त्या मुलांस न्हाऊमाखू घालणारे, त्या कवीस जेवू घालणारे हात लक्ष्मीबाईंचेच होते. टिळकांनी दान केले असे आपण म्हणतो. दानाची क्रिया एका क्षणाची, तिची निभावणूक वर्षानुवर्षांची. पहिली टिळकांची, दुसरी बाईंची. दोन्ही मिळून तो त्याग पुरा होतो. बाई स्वतः कोठेही असा दावा करीत नाहीत. पण पुस्तक संपल्यावर हा निष्कर्ष टाळणे वाचकास कठीण जाते.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पंडिता रमाबाईंशी टिळकांची तुलनाही नवा अर्थ धारण करते. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले, आणि पुढे दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुलीबायांसाठी केडगावास 'मुक्ति' उभारले. त्यांनीही सुख सोडले; विद्वत्तेचा दिगंत मान मिळत असताना त्या माळरानावर जाऊन राहिल्या. परंतु त्यांच्या त्यागाचे स्वरूप घर बांधण्याचे होते. विहिरी, कोठारे, छापखाना, शेती, यांची तरतूद करून त्यांनी भक्ती केली. नीलकंठशास्त्री गोरे हे त्यांच्याही आधीचे. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले, आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले तोवर एखाद्या यतीप्रमाणे राहिले. त्यांच्या अपरिग्रहाची वाखाणणी विरोधकांनीही केली. टिळक हे वृत्तीने गोऱ्यांच्या बाजूचे, घर मोकळे करणारे. परंतु त्यांचे घर भरलेले होते, हा त्यांचा पेच. त्या घरात गोऱ्यांचा अपरिग्रह आणि रमाबाईंची तरतूद या दोहोंची गाठ पडली, ती एका जोडप्याच्या रूपाने पडली. 'स्मृतिचित्रे'तील भांडणे नवराबायकोची म्हणून आपण वाचतो. खरे पाहता भक्तीच्या दोन रीतींचे ते भांडण आहे, आणि त्याचा निकाल त्या घरात कधीच पुरता लागला नाही.

आता ज्या भागाकडे वाचकांचे सर्वांत कमी लक्ष गेले आहे असे आम्हांस वाटते, त्याकडे वळतो. टिळकांच्या दोन त्यागांची चर्चा आपण केली. या पुस्तकात तिसराही एक त्याग आहे, आणि तो लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आहे. त्यांच्याजवळ सोडण्यासारखे काय होते? पैसा कधीच नव्हता, पद नव्हते, नावही नवऱ्याचे. परंतु त्यांच्याजवळ एक मोठी ठेव होती, आणि ती म्हणजे सोवळे. ज्या घरात त्या जन्मल्या तेथे सोवळ्याचे वेड पराकोटीस गेले होते. १८५७ च्या धामधुमीनंतर जवळच्या आप्तास फाशी झाल्याचे पाहून वडिलांच्या मनाने जो धसका घेतला, त्याने पुढे शुचितेच्या अतिरेकाचे रूप घेतले. बाहेरून आलेला प्रत्येक जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. पुस्तकाच्या आरंभीची ती वर्णने हसवतात. पण त्यांचा उद्देश केवळ हसविण्याचा नाही. मनुष्य सर्व गमावून बसला म्हणजे शुद्धीच्या कल्पनेत कसा आसरा शोधतो, हे त्या मुलीने लहानपणी पाहिले होते. पुढे नवरा ख्रिस्ती झाल्यावर तिचाही तोच एक आसरा उरला. नगरास त्याच्याजवळ राहावयास गेल्यावरही आपले पाणी, आपली चूल, आपले सोवळे त्यांनी निराळे ठेवले. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते, आणि त्यांच्यामधील सीमा घागरीवरून जात होती.

ती सीमा पुसली गेली ती टिळकांच्या उपदेशाने नव्हे. उपदेशाने तर त्या अधिक हट्टास पेटत. ती पुसली गेली त्यांच्या स्वतःच्या विचाराने. देवाने माणूस केला, मग ही जात कोणी केली, हा साधा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी घोळविला. त्याचे उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी कोणास न विचारता, कसलाही समारंभ न करता, कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटल्यानंतर. क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टिळक धर्मातून समतेकडे गेले. बाई समतेतून धर्माकडे आल्या. टिळकांचा त्याग डोळ्यांत भरणारा. त्यात प्रवास आहे, घोषणा आहे, भगवे वस्त्र आहे. बाईंचा त्याग एका पेल्याएवढा, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो. परंतु लहानपणापासून जी एकच गोष्ट आपली म्हणून उराशी धरली ती हातातून सोडून देणे, हे पगार सोडण्याहून सोपे आहे असे कोणी समजू नये.

हे सोपे नाही हे समजावयास महाडच्या माणसास दूर जावे लागत नाही. १९२४ साली येथील नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व ठीक झाले. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा गावात मारहाण झाली, आणि मागाहून सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. त्या पाण्याचा न्याय मुंबईच्या हायकोर्टातून लागावयास १९३७ साल उजाडले. म्हणजे 'स्मृतिचित्रे'चा अखेरचा भाग वाचकांच्या हाती आला त्याच वर्षी. ज्या घागरींनी महाडात तळे बाटले-शुद्धले, तशाच एका घागरीपाशी पंचवीसहून अधिक वर्षे आधी एक अल्पशिक्षित बाई थांबली होती, विचार करीत होती, आणि पुढे गेली होती. हे दोन प्रसंग सारखे नव्हेत, हे आम्ही जाणतो. एकीकडे हक्कासाठी मार खाणारे लोक, दुसरीकडे आपला विशेषाधिकार आपणहून खाली ठेवणारी ब्राह्मण स्त्री. धैर्याची जात निराळी. परंतु महाडास ज्या गोष्टीची त्या दिवशी उणीव भासली ती नेमकी दुसऱ्या प्रकारच्या धैर्याची होती. सुरेंद्रनाथ टिपणिसांसारखे मोजके लोक सोडले तर आपली घागर खाली ठेवणारे पुढे आले नाहीत.

पुस्तकाचे दोष झाकण्याची आमची इच्छा नाही. साप्ताहिकातून क्रमशः लिहिल्यामुळे प्रसंगांचा क्रम मागेपुढे होतो. सनावळीकडे बाईंचे लक्ष नाही. कोणती गोष्ट कोणत्या साली झाली हे जुळवून घेण्याचे काम वाचकावर पडते. टिळकांच्या विचारांचा विकास, विशेषतः 'देवाचा दरबार' या कल्पनेमागील चिंतन, या पुस्तकावरून पुरते कळत नाही. त्यासाठी टिळकांचे 'ज्ञानोदया'तील लिखाण आणि त्यांचे अभंगच वाचले पाहिजेत. घराच्या खिडकीतून जेवढा रस्ता दिसतो तेवढाच बाई दाखवितात. पण जे दिसते ते त्या वाढवून सांगत नाहीत, आणि जे दिसत नाही ते दिसल्याचे सोंग करीत नाहीत. आत्मचरित्रकारांत हा गुण इतका दुर्मीळ आहे की त्यापुढे सनावळीची उणीव आम्ही आनंदाने सोसू.

टिळकांच्या निधनानंतरची लक्ष्मीबाईंची सतरा वर्षे हा या विवेचनाचा शेवटचा पुरावा होय. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मुलींच्या वसतिगृहात काम पत्करले, पुढे कराचीपर्यंतचा प्रवास केला, आणि टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' पुढे चालविले. टिळकांच्या हातून सुरुवातीचे थोडे अध्याय झाले होते. त्याचा फार मोठा भाग बाईंच्या लेखणीतून उतरला. मागे राहिलेल्या घराने निघून गेलेल्याचे काव्य पुरे करावे, असा योग आपल्या वाङ्मयात दुसरा आम्हांस आठवत नाही. १९३६ साली त्या वारल्या तेव्हा 'देवाचा दरबार' कधीचाच उठून गेला होता. ज्या पुस्तकाची सामग्री केवळ टिळकांच्या चरित्रासाठी म्हणून गोळा होऊ लागली होती, ते मात्र उरले.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून आज त्यागाविषयी आदर कमी झाला आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट कोणी नोकरी सोडून खेड्यात गेला, कोणी पैसा सोडून सेवेस लागला, की त्याचे सत्कार आपण करतो, आणि ते योग्यच आहे. एवढेच सुचवावेसे वाटते की, सत्काराच्या सभेत त्या गृहस्थाच्या घरी आज काय शिजले, आणि ते कोणी शिजविले, हेही एकदा विचारावे. हा प्रश्न त्यागास कमीपणा आणणारा नाही. ज्या त्यागास तो सोसतो तो खरा, आणि टिळकांच्या त्यागास तो सोसला, कारण त्यांच्याच घरातून तो विचारला गेला आणि तरीही त्यांच्याविषयीचे प्रेम उणावले नाही. म्हणून आमची विनंती अशी की, 'स्मृतिचित्रे' उताऱ्यांतून वाचू नये. सुटीच्या दिवसांत चारही भाग ओळीने, घरातील सर्वांनी मिळून, मोठ्याने वाचावे. हसू येईल तेथे हसावे. मात्र घरातील बायका जेथे हसणार नाहीत, तेथे पुरुषांनी थोडे थांबून तो परिच्छेद पुन्हा वाचावा.